न नोंदवलेले बदल टाकण्यासाठी

आमच्या प्रमुखांनी मला आजवर एकदाही रागानं उत्तर दिलेलं नाही, आणि मला त्यांचा सगळ्यात जास्त संताप येतो तो त्याचाच. मी इकडून चार ओळी तडातडा लिहून पाठवायच्या आणि त्यांनी तिकडून ‘सस्नेह नमस्कार, आपल्या कळकळीबद्दल आभारी आहे’ अशी सुरुवात करायची. अरे, भांडायला समोर माणूस तरी पाहिजे ना बापा! ते पुण्याकडे राहतात एवढंच मला ठाऊक आहे. आवाज मी कधी ऐकलेला नाही.

प्रमुख म्हणजे नोकरीतले साहेब नव्हेत. हे सगळं हौसेचं, फुकटचं काम. लिहिलेल्या कामाच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळून ठेवणारं एक साधन आहे, जगभरचे संगणकवाले ते वापरतात. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचं. काम झालं की ‘नोंद’ करायची, म्हणजे त्या क्षणापर्यंतचं सगळं त्या साधनाच्या पोटात कायमचं राहतं. त्याची माहितीपुस्तिका आम्ही काही जण मराठीत आणतो. कोणाला त्यात चूक दिसली की तो दुरुस्ती पाठवतो. ती मी आणि माझ्यासारखे एक-दोघं तपासतो, शेरा मारतो, आणि मग प्रमुख ती आत घेतात किंवा घेत नाहीत. मी हे वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या आमच्या गावात, घरात बसून करते. पोटापाण्यासाठी नागपूरच्या एका कंपनीचं काम आहे, ते उरकलं की हे.

इतकी वर्षं तपासून मला एक गोष्ट समजली. ऱ्हस्व-दीर्घाची दुरुस्ती त्याच दिवशी आत जाते. ‘आणी’चं ‘आणि’ करून पाठवा, प्रमुख खुश. अनुस्वार दिला, खुश. अर्थाची दुरुस्ती आली की मात्र चर्चा सुरू होते. चर्चा म्हणजे काय, तर दुरुस्तीचा जीव जाईपर्यंत तिच्याशी अदबीनं बोलत राहायचं. मी कितीतरी दुरुस्त्या अशा जाताना पाहिल्या आहेत. पाठवणारा माणूस कंटाळतो, उत्तर देणं थांबवतो, आणि काही महिन्यांनी कोणीतरी ‘प्रतिसाद नसल्यामुळे बंद’ असं लिहून टाकतं. त्याची सवय झाली होती मला. ताईची दुरुस्ती येईपर्यंत झाली होती.

ताई माझी मोठी बहीण. नवऱ्यानं दुसरं घर केलं आणि ती आमच्याकडे वापस आली, त्याला आता बराच काळ झाला. आई-बाबा गेल्यापासून विहाराच्या मागच्या गल्लीतल्या त्या घरात आम्ही दोघीच असतो. चाळिशी उलटल्यावर तिनं कॉम्प्युटर हातात घेतला. मी शिकवायला बसले की आमचं भांडण व्हायचं, कारण मला दोनदा सांगायचा कंटाळा आणि तिला एकदा ऐकून विश्वास बसत नाही. शेवटी ती म्हणाली, “तू उठ इथून. मी पाहून पाहून शिकतो.” आणि शिकली.

वर्ध्याला एक छोटं ऑफिस आहे. भाजीपाला लावणाऱ्यांसाठी मोबाइलवर वाचता येईल अशी माहिती तिथं मराठीत तयार होते. मिरचीची पानं काऊन आकसतात, टमाटर बुडाशी काळं काऊन पडतं, असलं सगळं. ताईला तिथं घरून करायचं काम मिळालं. आयुष्यातली पहिली नोकरी. पुस्तकातली माहिती ती आधी वाचायची, मग बस बदलत बदलत पार आमच्या जिल्ह्यातल्या तळेगावच्या बाजारापर्यंत जाऊन भाजी विकायला बसलेल्या बायकांना विचारायची की तुम्ही याला काय म्हणता. मग त्यांच्या शब्दांत लिहायची. ‘कोथिंबीर’ हा शब्द कापून ‘सांबार’ करायची, आमच्याकडं कोथिंबिरीला तेच म्हणतात. ऑफिस चालवणारे सर म्हणाले, अहो, बाहेरचा माणूस सांबार म्हणजे इडलीबरोबरचं समजेल. ताई म्हणाली, “सर, बाहेरचा मानूस इथं सांबार लावाले येऊन राह्यला का?” सर हसले आणि राहू दिलं.

तर मागच्या वर्षी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तिनं हिवाळी भाज्यांचं सगळं काम केलं. असं काम तिनं आधी कधीच केलं नव्हतं. वांग्याचं पान तर मी स्वतः वाचलं आणि मला हेवा वाटला, खरं सांगते. त्या ऑफिसचं कामही याच साधनात राहतं. सरांनी सांगितलं होतं की तुकड्या-तुकड्यात देऊ नका, सगळं एकदम द्या. म्हणून ती रोज लिहायची, सेव्ह करायची, आणि नोंद करायचं तेवढं शेवटासाठी ठेवायची. एरवी ऑफिसमधला एक जण फोनवर एकेक अक्षर सांगायचा आणि त्याप्रमाणं ती आज्ञा द्यायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याची सुट्टी होती, मी नागपूरला गेले होते. ताईनं आमची मराठी पुस्तिका उघडली. आपल्या बहिणीची पुस्तिका म्हणून तिला तिचं कौतुकच होतं. ते पान माझ्या आधीच्या काळातलं, कोणी केलं कोणाला माहीत नाही. तिथं लिहिलं होतं:

‘न नोंदवलेले बदल टाकण्यासाठी पुढील आज्ञा वापरा.’

इंग्रजीत तिथं जो शब्द आहे तो फेकून देण्याचा. ज्यानं मराठी केलं त्याच्या डोक्यात टाकणं म्हणजे कचरा टाकणं होतं. आता मला सांगा, आपण दिवसभर टाकणं कशाला म्हणतो? भाजीत मीठ टाक. ग्रुपवर फोटो टाक. खात्यात पैसे टाक. त्या ऑफिसातले लोक ऊठसूट तिला म्हणायचे, “ताई, फाईल टाका न.” ताईचे बदल नोंदवलेले नव्हते, हे तिला माहीत होतं. ते टाकायचे आहेत, हेही माहीत होतं. ते वाक्य तिच्याचसाठी लिहिलं होतं म्हणा ना. तिनं एकेक अक्षर पाहून आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

हे साधन काम झालं तर काही बोलत नाही, अडलं तरच बोलतं. ते काही बोललं नाही. ताई उठली आणि दुसऱ्या दिवशी दीक्षाभूमीला जायचं म्हणून आमच्या दोघींच्या पांढऱ्या साड्यांना इस्तरी करायला बसली. मी संध्याकाळच्या गाडीनं आले तेव्हा ती दारातच होती.

“झालं वं माय,” ती म्हणाली, “टाकलं एकदाचं सगळं.”

मी म्हटलं, दाखव. तिनं वांग्याची फाईल उघडली. पोळ्याच्या आधीची. मग टमाटरची उघडली, तीही तशीच. “अवं, हे जुनं काऊन दिसून राह्यलं?” ती म्हणाली. मी तिला बाजूला सारलं आणि जे जे मला येतं ते सगळं करून पाहिलं. या साधनात नोंद झालेलं कितीही जुनं असो, खणून काढता येतं. पण जे नोंदवलंच नाही ते त्याला माहीतच नसतं. ताई माझ्या मागं उभी राहून पाहत होती. शेवटी मी पुस्तिकेतलं ते वाक्य वाचलं आणि तिला त्याचा दुसरा अर्थ सांगितला. तिनं इस्तरी केलेल्या साड्या घडी घालून कपाटात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो नाही.

सर वाईट माणूस नाहीत. ते वाईट असते तर बरं झालं असतं, मी तिथंच दोन शिव्या देऊन आले असते. आम्ही दोघी वर्ध्याला गेलो, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ताई म्हणाली, “सर, तिथं लिवलं होतं तेच मी केलं. मी चुकली नाई. मले थोडा वेळ द्या, मी वापस लिवतो.” सर म्हणाले, बाई, तुम्ही काम केलं याची मला खात्री आहे, पण वरच्या लोकांना दाखवू काय? तिथं तर काहीच दिसत नाही. मग त्यांनीच वाट काढली. पुस्तिकेतच चूक होती, असं त्या पुस्तिकावाल्यांच्या नोंदीत आलं, तर ती नोंद मी वर दाखवतो. बाईंची चूक नव्हती म्हणतो, आणि तुम्हाला पुन्हा लिहायला वेळ मिळवून देतो. दिवाळीपर्यंत थांबतो. त्यानंतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल.

म्हणजे सगळं येऊन त्या एका नोंदीवर थांबलं. पुस्तिका चुकली असं लिहून आलं तर ताईचं काम राहील, नाही आलं तर गेलं. गाडीत मी म्हटलं, दुरुस्ती मी पाठवते.

“तू तपासनारी,” ताई म्हणाली. “तूच पाठवशीन अन् तूच तपासशीन, तर लोक काय म्हंतीन? मी पाठवतो.”

मी शेऱ्यात आधीच लिहिलं की ही दुरुस्ती माझ्या घरच्या माणसाची आहे, माझी संमती धरू नये. बाकीच्या एक-दोघांना सणासुदीत फुरसत नव्हती, उरले प्रमुख. ताईनं दोन ओळी लिहिल्या. मी हात लावू का म्हटलं तर म्हणाली, राहू दे, माया हातचं जाऊ दे. तिनं लिहिलं होतं: ‘ही आज्ञा दिली की न नोंदवलेले बदल पुसल्या जातीन. ते वापस भेटत नाहीत.’ आणि खाली टीप: ‘मी ही पुस्तिका वापरतो. या शब्दाने माझे काम गेले.’

मला त्या ओळी वाचून बरं वाटलं होतं. आमच्या भागातल्या कोणालाही वाचून दाखवा, त्याचा हात एंटरवरून मागं येईल. त्यालाच तर इशारा म्हणतात.

प्रमुखांचं उत्तर आलं. ‘महोदय, सस्नेह नमस्कार. आपल्या पहिल्या दुरुस्तीबद्दल अभिनंदन. “पुसल्या जातीन” हे रूप प्रमाण नाही, “पुसले जातील” असे हवे. “वापस” हा शब्द हिंदी आहे. तसेच माणसे भेटतात, वस्तू मिळतात. कृपया सुधारून पाठवावे.’ टाकण्याबद्दल एक अक्षर नाही!

“महोदय म्हंते मले,” ताई म्हणाली आणि हसत सुटली. आमच्याकडं बाया ‘मी जातो, मी करतो’ म्हणतात, ते पुण्याकडं माहीत नसणार. तिला फारच गंमत वाटली. मी मात्र तणतणत होते. घर जळून राह्यलं आणि हे म्हणतात की ‘आग’मधला ग नीट काढा. ताईनं रूपं सुधारली, ‘वापस’चं ‘परत’ केलं, ‘भेटत’चं ‘मिळत’ केलं आणि पुन्हा पाठवलं.

मग काही दिवस शांत. मग: ‘सस्नेह नमस्कार. आता भाषा निर्दोष आहे. मात्र मूळ शब्द बदलण्याची आवश्यकता पटत नाही. “टाकणे” या क्रियापदाचा “त्याग करणे” हा अर्थ रूढ आहे. वाचकाचा गोंधळ होतो याला काही दाखला देता येईल का?’

माझं डोकंच फिरलं. दाखला! जिचं सगळं गेलं ती बाई स्वतः लिहून राह्यली, आणि यांना दाखला पाहिजे. मी लॅपटॉप ओढला आणि लिहायला लागले, की अहो, जरा आपल्या घरातून खाली उतरा आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा टाकणं म्हणजे काय. आणखी बरंच लिहिलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. ताईनं वाचलं आणि म्हणाली, पुस ते.

“पुसत नाही.”

“पुस म्हटलं न. असं लिवलं तर ते देतीन का?” मग ती माझ्याजवळ बसली. “दाखला पाह्यजे म्हंते, तर देऊ न. लिव: नवऱ्यानं मले टाकली. आता मले सांगा साहेब, कशात टाकली? भाजीत का ग्रुपवर?”

आणि पुन्हा हसायला लागली, पदर तोंडाला लावून. तिला हसताना पाहून मला रडू आलं. हा दाखला तर त्यांच्याच बाजूनं जात होता. टाकणं म्हणजे टाकून देणं, हे ताईला कोणी शिकवायची गरज नव्हती, आणि तरीही तिनं ते वाक्य तसं वाचलं नव्हतं. नवीन कामात, नव्या कॉम्प्युटरवर, तिच्या मनात तो अर्थ आलाच नाही. हे मी प्रमुखांना कोणत्या क्रियापदात लिहून दाखवायचं होतं? मला त्या वेळी वाटलं की यातून काही निघणार नाही. पण ते मी ताईला बोलले नाही.

तिनं साधं उत्तर लिहिलं. मी हे वाक्य वाचून आज्ञा दिली, माझ्या बऱ्याच दिवसांचे काम गेले, आमच्या भागात हा शब्द आत घालण्यासाठी वापरतात. प्रमुखांनी लिहिलं की आपल्या नुकसानीबद्दल मनापासून वाईट वाटले. आणि मला खात्री आहे की त्यांना वाटलंच असेल. पुढं लिहिलं की तथापि हा शब्द पुस्तिकेत अनेक ठिकाणी आहे, एकाच ठिकाणी बदलल्यास सुसंगती बिघडेल. तेव्हा सर्व ठिकाणे तपासून एकत्रित दुरुस्ती पाठवल्यास विचार करता येईल.

मी म्हटलं, झालं. इथंच माणसं सोडून देतात. मी कितीदा पाहिलं आहे, सगळीकडं बदलून पाठवा म्हटलं की माणूस पुन्हा दिसत नाही. ताई म्हणाली, “कुठून सुरू करू ते सांग.”

गल्लीत लोकांची घरं रंगवणं चाललं होतं, फराळाचे वास येत होते, आणि ही बाई पहिल्या पानापासून पुस्तिका वाचत बसली होती. जिथं जिथं टाकणं आलं तिथं थांबायची आणि मला विचारायची, हे आत घालाचं का फेकाचं? मी इंग्रजी पाहून सांगायचे. ती लिहून घ्यायची नाही, तिथल्या तिथं बदलायची. आणि एका दुपारी तिनं मला हाक मारली.

“अवं, हे पाय. इथं म्हंते, ‘नोंद करताना संदेश टाका.’ मंग हा संदेश फेकून द्याचा का?”

मी धावत गेले. खरंच होतं! त्याच पुस्तिकेत, दोन पानांच्या अंतरावर, टाका म्हणजे घाला आणि टाका म्हणजे फेका. इतकी वर्षं आम्ही सगळे ऱ्हस्व-दीर्घ पाहत बसलो आणि हे कोणालाच दिसलं नव्हतं. मी ताईचा गाल ओढला. ती म्हणाली, सोड वं, दुखते. हा दाखला कोणाच्या अनुभवाचा नव्हता, पुस्तिकेचाच होता. आता काय म्हणतील? आम्ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लावून पाठवली. त्या दिवशी ताईनं संध्याकाळी कढी-भजी केली आणि वांग्याचं पान पुन्हा लिहायला घेतलं, सरांनी सांगायच्या आधीच. मीही जराशी हुरळले होते, लपवत नाही.

प्रमुखांचं उत्तर आलं: ‘फारच सूक्ष्म निरीक्षण. मनःपूर्वक अभिनंदन.’ मग पुन्हा शांत. मी रोज उघडून पाहायचे. ताई विचारायची नाही, फक्त मी लॅपटॉप उघडला की हातातलं काम थांबवायची. सरांचा फोन आला की काही झालं का. मी म्हटलं, होईल आज-उद्या. दिवाळी आली.

आणि दिवाळीतच दुरुस्ती आत गेली. पूर्ण, ताईनं बदललेल्या सगळ्या ठिकाणांसह. आता त्या पानावर लिहिलेलं आहे: ‘न नोंदवलेले बदल पुसून टाकण्यासाठी पुढील आज्ञा वापरा. पुसलेले बदल परत मिळत नाहीत.’ मी अक्षरशः किंचाळले. ताई हात पुसत आली. मग मी नोंदीची ओळ वाचली. प्रत्येक नोंदीला एक ओळ लागते, काय बदललं आणि कशासाठी, ते सांगणारी. ती आत घेणारा माणूस लिहितो. प्रमुखांनी लिहिलं होतं:

‘भाषिक सफाई. शब्दयोजना सुधारली, अर्थात बदल नाही.’

मी ती ओळ ताईला लगेच वाचून दाखवली नाही. झालं गं, आत गेलं, म्हटलं, आणि प्रमुखांना लिहायला बसले. त्या वेळी मी रागानं लिहिलं नाही, हात जोडून लिहिलं. ही शब्दयोजना नाही हो, ही चूक होती, एका बाईचं काम या ओळीवर अवलंबून आहे, कृपा करून एवढी ओळ बदला. उत्तर लगेच आलं. सस्नेह नमस्कार. अशा बदलांना आपण नेहमी हीच ओळ लिहितो, त्यात कोणाला उणे लेखण्याचा हेतू नाही. आणि एकदा आत गेलेली नोंद बदलायची नाही, हा नियम आपण जाणताच. ज्यांनी ज्यांनी प्रत घेतली आहे त्या सगळ्यांची गडबड होईल.

नियम बरोबर आहे. नव्या माणसांना तो मीच समजावून सांगते, झालेली नोंद बदलू नका म्हणून.

दिवाळी संपली आणि आम्ही वर्ध्याला गेलो. मला वाटत होतं, मी नीट समजावलं तर सर समजतील. ते समजलेही. त्यांनी जुनं वाक्य वाचलं, नवं वाक्य वाचलं, आणि म्हणाले, हो, मीही तसंच वाचलं असतं. मग ती ओळ वाचली. “मॅडम, इथं तर अर्थात बदल नाही असं लिहिलंय.” मी बोलत राहिले. माझा आवाज चढला, बाजूच्या टेबलवरचे लोक पाहायला लागले, ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सर म्हणाले, “मला पटतं हो. पण वर ही एवढीच ओळ वाचली जाते. पुस्तिकावालेच म्हणतात की आधीचाही अर्थ हाच होता, तर मी काय सांगू?” दुसऱ्या माणसाशी त्यांचं बोलणं झालेलं होतं. त्यांनी चहा मागवला. ताईनं पूर्ण प्यायला, मी कप तसाच ठेवला.

परत येताना गाडीत ताईनं माझ्या मोबाइलवर ती नोंद उघडायला सांगितली. वरती तिचं नाव होतं, खाली ती ओळ. तिनं ती सावकाश वाचली. मग जुनं वाक्य काढायला लावलं, तेही वाचलं. “म्हंजे अर्थ पह्यलेपासून तोच होता,” ती म्हणाली. मी म्हटलं, नव्हता ताई, ते त्यांनी आपलं असंच लिहिलं आहे. “एवढा शिकलेला मानूस असंच कायले लिवन? मलेच वाचता आलं नाई.” मी तिच्यावर ओरडले. भर गाडीत ओरडले, की तू चुकली नाहीस, तू तरी असं म्हणू नको. ती खिडकीबाहेर पाहत होती आणि मान हलवत होती, लहान मुलाची समजूत काढतो तशी. वांग्याचं अर्धं लिहिलेलं पान तिनं त्यानंतर उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात तपासायचं काम साचलं होतं म्हणून मी बसले, तर ताईच्या दुरुस्तीखाली नवीन काही आल्याचं दिसलं. तिनं मला न सांगता प्रमुखांना लिहिलं होतं. ‘दुरुस्ती स्वीकारल्याबद्दल आभारी आहे. चूक माझीच होती. वाक्याचा अर्थ मला नीट समजला नाही. आपला वेळ घेतला, त्याबद्दल क्षमस्व.’ मी ते एकेक अक्षर तपासलं, हाताला सवयच आहे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार बरोबर. प्रमुखांनी त्याच दिवशी उत्तर दिलं होतं. ‘सस्नेह नमस्कार. आपली भाषा आता फारच सुधारली आहे. अभिनंदन.’